शेवटपर्यंत एक श्रोता

"मोबाईल बंद करा आणि ह्यात टाका," म्हणत मी चकलीचा रिकामा डबा सगळ्यांसमोर फिरवला.

उपाध्ये सरांच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर वीस-बावीस माणसं बसली होती. सगळे सरांचे जुने विद्यार्थी. कुणी बँकेत, कुणी दुकानात, एक तर आमच्याच हायस्कूलचे हेडमास्तर. रविवार होता आणि सकाळचे साडेनऊ वाजले होते.

"सायलेंटवर ठेवला तर चालंल की," अशोक गुरव म्हणाला. तो तबला लावत होता.

"नाही चालणार. फोन येताना स्पीकरमध्ये टिर्र टिर्र वाजतं, ते थेट मस्कतपर्यंत जाईल. बंद म्हणजे बंद."

"परीक्षेला पण एवढी झडती घेत नाही आम्ही," हेडमास्तर म्हणाले आणि त्यांनी निमूटपणे फोन डब्यात टाकला.

सर भिंतीला टेकून, तंबोऱ्यावर हात ठेवून बसले होते. महिनाभर त्यांनी मौन धरलं होतं. सांगायचं ते पाटीवर लिहून दाखवायचे. त्यांनी मांडीवरची पाटी उचलली आणि लिहिलं, 'आज ती मास्तर. मुकाट्याने ऐका.' सगळे हसले. मला मात्र त्या पाटीचा इतका अभिमान वाटला की विचारू नका. दोन हजार अकरा सालची गोष्ट. मी सत्तावीस वर्षांची होते आणि मला सगळं येतं अशी माझी समजूत होती.

मंगळवारी मिरजेला सरांचं ऑपरेशन होतं. घशात गाठ होती आणि गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागणार होतं. म्हणजे मंगळवारनंतर आवाज नाही. गाणं तर सोडाच, 'पाणी दे' एवढंही नाही. चाळीस वर्षं गाणं शिकवलेल्या माणसाने त्याआधी एक तास गायचं ठरवलं होतं. डॉक्टर नको म्हणाले तेव्हा सरांनी पाटीवर लिहिलं होतं, 'मग ठेवून काय करू?' महिनाभराचं मौन ह्या एका तासासाठी होतं.

त्यांची एकुलती एक मुलगी त्रिशला मस्कतला होती. तिला नववा महिना लागला होता, विमानात बसायला बंदी होती. तिने हे गाणं ऐकावं एवढंच सरांना हवं होतं. फोन कानाला लावून ऐकवायला ते तयार नव्हते, फोनवर सूर किडतो म्हणायचे. कॉम्प्युटरवरून बोलायची सोय तिच्याकडे चालत नव्हती. म्हणून मी इंटरनेट रेडिओचं काढलं.

मी तेव्हा कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायचे. पुण्याच्या एका कंपनीकडून महिनाभरासाठी सर्व्हर घेतला, लॅपटॉपवर एनकोडर टाकला. एनकोडर म्हणजे काय तर माइक जोडलेल्या मिक्सरमधून येणारा आवाज घ्यायचा, दाबून बारीक करायचा आणि सर्व्हरकडे पाठवत राहायचं. जगात कुणीही लिंक उघडली की त्याला अर्ध्या मिनिटाने तो ऐकू येतो. शिवाय जे पाठवतोय त्याचीच एक फाइल लॅपटॉपवर साठत जाते. म्हणजे त्रिशला ऐकणार आणि आवाज कायमचा राहणारही. वेगळं रेकॉर्डिंग करायला अशोक त्याचा टेपरेकॉर्डर आणतो म्हणाला होता. मी त्याला हसले होते.

लहानपणी मीही सरांकडे गाणं शिकायला जायचे. तीन वर्षांत माझा सा काही लागला नाही. मामाने मुंबईहून सूर दाखवणारं एक यंत्र आणून दिलं होतं. सूर बरोबर असला की त्याची सुई मधोमध थांबायची. एकदा मी ते समोर ठेवून तंबोरा लावत बसले, तर सरांनी ते उचलून खिडकीत ठेवून दिलं. "सुईकडे बघून सूर लावतेस? कान काय डूल घालायला दिलेत?" सगळा वर्ग हसला. पुढच्या महिन्यात मी क्लास सोडला. त्यामुळे सरांच्या उपयोगी पडावं असं काहीतरी मला येतं, हे चौदा वर्षांनी पहिल्यांदाच सिद्ध होणार होतं.

तयारीत मी काही म्हणजे काही कमी ठेवलं नव्हतं. लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज गाण्यात नको म्हणून तो मधल्या खोलीत, दार लावून. मिक्सरची केबल दाराखालून आत. घरातला साधा फोन वाजला की आमचं इंटरनेट तुटायचं, म्हणून त्या फोनची वायरच काढून ठेवली. शनिवारी अर्धा तास चाचणी घेतली. त्रिशलाचा फोन आला, "वैजू, काय झकास येतंय ग! अप्पांचं खाकरणंसुद्धा कळतंय." रविवारी सकाळी नऊला हेडफोन लावून मी पुन्हा एकदा ऐकलं. तंबोऱ्याच्या चारही तारा स्वच्छ येत होत्या.

दहाला दहा मिनिटं असताना पद्माकाकू, म्हणजे सरांच्या मिसेस, हळदी-कुंकवाचं तबक घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"वैजू, ते मशीन जरा देवापुढं आण की."

"आत्ता? काकू, सगळं जोडलंय त्याला."

"दोन मिनिटाचं काम. ह्या घरात नवं यंत्र देवाला दाखवल्याशिवाय चालू केलं नाही कधी. शिलाई मशीन म्हण, ह्यांची लूना म्हण. आज तर..."

नाही कसं म्हणणार? मी मिक्सरची पिन काढली, इंटरनेटची वायर काढली, लॅपटॉप उचलून स्वयंपाकघरात देव्हाऱ्यासमोर नेला. काकूंनी झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडून बराच वेळ पुटपुटत राहिल्या. मीही हात जोडले. मग परत मधल्या खोलीत येऊन वायर जोडली, पिन घातली. पडद्यावर एक चौकट आली, तुम्ही काय जोडलंत असं विचारणारी. ती रोजच यायची. मी घाईत 'ओके' दाबलं. एनकोडर पुन्हा चालू केला. आवाज आला की त्यात दोन हिरव्या पट्ट्या वरखाली नाचतात. त्या नाचत होत्या. कोपऱ्यात आकडा आला, श्रोते चौदा.

हेडफोन टेबलावरच होता. मी तो उचललासुद्धा. पण पाच मिनिटांपूर्वीपेक्षा काहीही बदललं नव्हतं आणि बाहेर अशोक विचारत होता, "वैजू, सुरू करू काय?" मी हेडफोन ठेवला आणि ओरडले, "करा!"

मी दार लावलं तशा काकू स्वयंपाकघरातून आत येऊन खाली बसल्या. पुढ्यात पावट्याच्या शेंगांची परडी आणि स्टीलचं पातेलं.

"तुम्ही बाहेर नाही बसणार?"

"नको बाई. समोर बसले तर मी रडणार. मी रडले की ह्यांचा सूर हलणार. त्यापेक्षा हितंच बरं."

दारापलीकडे तोडी राग सुरू झाला. आवाजाला पूर्वीची धार नव्हती, थोडी खरखर होती, पण मलासुद्धा कळत होतं की सूर जागच्या जागी आहे. मला रडू यायला लागलं. आपण मधल्या खोलीत बसून एवढी मोठी गोष्ट मस्कतला पोचवतोय असं वाटूनही ते आलं, हेही खरंच सांगते.

काकू शेंगा सोलत बोलायला लागल्या. महिनाभर नवरा बोलत नाही, घरात पाटी-पेन्सिलीचा आवाज तेवढा. त्यांना बोलायला माणूस हवं होतं.

"त्रिशलाला सांगितलंय की साधी गाठ आहे. आठ दिवसांत घरी येतील, म्हटलंय. आवाज जाणार हे ठाऊकच नाही तिला."

"काय? मग आजचं गाणं कशाला ठेवलंय असं वाटतंय तिला?"

"ऑपरेशननंतर दोन-चार महिने गायचं नाही म्हणून, असं सांगितलंय. पोटुशी आहे ग ती. धसका घेतला तर काय करायचं?" पातेल्यात दाणे टपटप पडत होते. "गळ्याला भोक ठेवणार म्हणे. त्यातनंच श्वास. मला तर कसं बघवणार, तेच कळत नाही. आणि डॉक्टर मला एकटीला बाजूला घेऊन काय म्हणालेत सांगू? हे सगळं करूनसुद्धा वर्ष, फार तर दीड वर्ष. ह्यांनाही नाही सांगितलं मी ते. कुणालाच नाही. तुला सांगते."

मी पडद्याकडे बघत राहिले. श्रोते अकरा.

"लोक कमी झाले वाटतं?" काकूंनी विचारलं.

"येतात-जातात काकू. नेट असतं एकेकाचं."

दहा मिनिटांनी सहा झाले. मग तीन. मला संताप आला. बंगळूरला, पुण्याला, दुबईला बसलेल्या ह्याच पोरापोरींनी ईमेल करकरून लिंक मागितली होती, आणि सरांचं शेवटचं गाणं पंधरा मिनिटं ऐकायला ह्यांना जड झालं होतं. "फुकट मिळालं की हे असंच," मी काकूंना म्हणाले. पुढचं जे म्हणाले ते इथे लिहीत नाही. एकेकाचं नाव घेऊन म्हणाले.

सव्वादहाला आकडा एकवर आला आणि तिथेच थांबला.

काकूंच्या हातून पातेल्यावरचं झाकण सटकलं आणि फरशीवर खणकन पडलं. हिरव्या पट्ट्या उसळून लाल झाल्या. अशोकची थाप जोरात बसली असणार, असं मला वाटलं.

"एक कोण असंल ग?"

"कोण म्हणजे? त्रिशलाच."

काकू हसल्या. मग बराच वेळ बोलत राहिल्या. त्रिशला लहान असताना रडायला लागली की सर तिला मांडीवर घेऊन तंबोरा छेडायचे. तिच्या लग्नात सगळ्यांसमोर कडक राहिले आणि आठ दिवसांनी एका सकाळी तिचा जुना फ्रॉक हातात घेऊन मोरीत उभे होते. "मला म्हणालेत, कुणाला सांगू नकोस. आज सांगितलं बघ तुला." मग शेंगा संपल्या आणि हात रिकामे झाले तशा त्या अगदी हळू म्हणाल्या, "शेवटी अंगाई म्हणणार आहेत. स्वतः बांधलीय, नातवंडासाठी. ते पोटात असतानाच एकदा तरी आज्ज्याचा आवाज त्याच्या कानावर पडू दे, असं पाटीवर लिहिलं मला. बाहेर आलं की मग ऐकायला मिळणार नाही."

अकरा वाजत आले तशी अंगाई सुरू झाली. आम्ही दोघी गप्प झालो. तबला थांबला होता, नुसता तंबोरा आणि सर. काकूंनी पदर तोंडाला लावला होता. शेवटच्या ओळीला सर वरच्या सुरावर गेले आणि तिथे थांबले. एवढ्या खरखरीतून तो सूर स्वच्छ बाहेर आला. काकूंनी माझा हात धरला.

"जातंय न्हवं ग? हे तरी जातंय न्हवं?"

"काळजी करू नका काकू," मी म्हणाले. "एकेक सूर पोचतोय."

गाणं संपलं तेव्हा बाहेर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आम्ही दार उघडून बाहेर गेलो. सर घामाने चिंब झाले होते, पण तोंडावर असं तेज की मी तसं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पाटी बाजूला सारली. आता आवाज राखून ठेवायचं कारण उरलं नव्हतं.

"काय मास्तर, पोचलं?" त्यांनी विचारलं. महिन्यानंतरचं त्यांचं पहिलं बोलणं.

"पोचलं सर. एक जण शेवटपर्यंत होता."

"एक पुरे." ते हसले. मग जुनी सवय. वर्गात कुणाचंही गाणं ऐकवलं की ते पोरांना प्रश्न विचारायचेच. "सांग बघू, दुसरं काय म्हटलं मी?"

"जौनपुरी," मी लगेच म्हणाले. कार्यक्रमाच्या ईमेलमध्ये मीच लिहिलं होतं, तोडी आणि मग जौनपुरी.

अशोक हसायला लागला. सरांनी कपाळावर हात मारला. "देशी म्हटला ग! बसल्या जागी बदलला. तुझे कान डुलांसाठीच आहेत."

सगळे हसले, मीही हसले. शेवटचं हसले ते तेव्हा. मग डब्यातून फोन वाटले. माझा चालू केला आणि तो हातात थरथरतच राहिला.

पहिला मेसेज बंगळूरच्या नेमगोंडाचा, दहा वाजून सहा मिनिटांचा. 'ताई गाणं येत नाहीये, दोन बायका बोलतायत, चेक करा.' दुसरा पुण्याहून. 'ताई माइक चुकीचा लागलाय.' तिसरा, चौथा तसेच. सातवा दुबईचा, नुसता 'आम्ही ऐकतोय बरं का ताई' असा, आणि तो वाचून माझे कान तापले. मग त्रिशलाचे. दहा बाराला, 'वैजू फोन उचल. अप्पा लांबून येतायत. तुमचं बोलणं येतंय.' दहा वीसला, 'कुणीतरी फोन चालू करा.' दहा एकतीसला शेवटचा. 'राहू दे. आता बंद करू नकोस. आई बोलतेय.'

मी मधल्या खोलीत पळाले. एनकोडरमध्ये आवाज कुठून घ्यायचा त्याची यादी उघडली. मिक्सरच्या नावापुढे खूण नव्हती. खूण लॅपटॉपच्या स्वतःच्या माइकपुढे होती. झाकणाच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढं भोक असतं, तो माइक. पिन काढून परत घातल्यावर तो आपला आपण तिथे जाऊन बसला होता. त्या हिरव्या पट्ट्या तासभर माझ्या आणि काकूंच्या बोलण्यावर नाचत होत्या, पावट्याच्या दाण्यांवर नाचत होत्या. आणि लॅपटॉपवर साठलेली फाइल म्हणजे तेच.

माझ्या हातातला फोन वाजला. मस्कतचा नंबर. मी उचलणार तेवढ्यात मागून सर आले आणि त्यांनी तो माझ्या हातातून घेतला.

"त्रिशले! ऐकलंस?"

ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. सर हसत होते. "बरं, मग सांग. दुसरं काय म्हटलं?"

मी मान हलवून नको नको करत होते, पण कुणाला? ती तिकडे होती. सरांच्या चेहऱ्यावरचं हसू जाग्यावरच राहिलं, डोळे मात्र बदलले.

"जौनपुरी," ते तिचं उत्तर पुन्हा म्हणाले. "शाबास." आणि फोन काकूंच्या हातात दिला. काकूंनी तो कानाला लावला, दोन शब्द ऐकले आणि भिंतीला धरून खाली बसल्या.

सर माझ्याकडे वळले. "काय गेलं तिकडं?"

"आमचं बोलणं."

"काय बोललात?"

मी सांगितलं. वर्ष-दीड वर्षाचं तेवढं गाळलं. पण काकू रडत फोनवर तेच बोलत होत्या, "फार तर दीड म्हणालेत ग," आणि सर ते ऐकत होते. त्यांनी टेबलाकडे बघितलं. कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचं फूल, त्याच्या शेजारी माझा हेडफोन.

"कानाला लावला नव्हतास?"

"नाही सर."

रागावले असते तर बरं झालं असतं. मला शिव्या हव्या होत्या. ते नुसते म्हणाले, "लाव परत. आत्ता. तिला थांब म्हणावं."

"डॉक्टरांनी सांगितलंय..." हेडमास्तर दारातून म्हणाले. सरांनी ऐकलं नाही. यादीत मिक्सरच्या नावावर एकदा टिचकी मारली की काम झालं, एवढंच काम होतं. मी हेडफोन लावला. तंबोरा आला, चारही तारा. कोपऱ्यात आकडा, श्रोते एक. सर बाहेर जाऊन बसले. मला हेडफोनमधून त्यांचा श्वासही ऐकू येत होता.

सा लागला नाही. दुसऱ्यांदा नुसती हवा आली. तिसऱ्यांदा त्यांनी सगळा जीव एकवटला आणि खोकल्याची उबळ आली, ती थांबेचना. मी बाहेर धावले. त्यांनी तोंडाला लावलेला रुमाल लाल झाला होता. काकूंनी उठून मिक्सरचं बटण बंद केलं. तो खोकला मात्र मस्कतला अगदी स्वच्छ पोचला. ती पाच मिनिटांची फाइलही माझ्याकडे आहे. मी ती लावत नाही.

मंगळवारी ऑपरेशन झालं. तीन आठवड्यांनी त्रिशलाला मुलगी झाली.

महिन्याभराने सर घरी आले तेव्हा मी गेले. जायचं धाडस होत नव्हतं, काकूंनी निरोप पाठवला म्हणून गेले. गळ्याला पांढरी पट्टी, मांडीवर तीच पाटी. मी खाली मान घालून बसले. त्यांनी पाटी पुढे केली.

'त्यात माझं काहीच नाही?'

"दाराआडून थोडं आहे सर. लांबून येतं."

'ऐकव.'

मी लॅपटॉप नेला होता. त्यांच्या कानाला हेडफोन लावला. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं, एक तास चार मिनिटं. मधे एकदा त्यांनी डोळे उघडून काकूंकडे बघितलं. तो फ्रॉकचा किस्सा असावा. शेवटी हेडफोन काढला आणि लिहिलं, 'तबला उतरला होता.' ते पुसलं. मग लिहिलं, 'तू बोलतेस फार.' तेही तळहाताने पुसलं आणि पाटी पालथी ठेवली.

त्यानंतर चौदा महिने ते होते. त्या काळात मला गाण्याबद्दल त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही. शेवटी डॉक्टरांचाच हिशेब खरा ठरला.

मागच्या वर्षी त्रिशलाचा फोन आला. मुलगी आता मोठी झालीय, आजोबांचा आवाज कसा होता म्हणून विचारते. "वैजू, आता काय काय निघालंय म्हणतात. तुझा आणि आईचा आवाज त्या फाइलमधून काढून टाकता येईल का ग? निदान अंगाईतून? तेवढंच दे मला."

मी करून बघते म्हणाले. आता माझा धंदाच हा आहे, लोकांचे बिघडलेले आवाज सुधारून द्यायचे. कोर्टातली रेकॉर्डिंग, जुन्या कॅसेट, लग्नाच्या टेपा. मी दीड महिना त्या फाइलशी झगडले. नवी सॉफ्टवेअर आणली, पुण्याच्या एका स्टुडिओला पाठवून बघितली. सरांचा सूर आणि माझा आवाज एकाच भोकातून आत गेलेत, एकमेकांत चिकटलेत. माझा काढला की त्यांचाही जातो. तिला तसं सांगायला फोन हातात घेते आणि ठेवून देते.

आता मी हेडफोन लावूनच ऐकते. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला काकू आणि मी गप्प होतो. पावट्याचे दाणे थांबलेले असतात. पंख्याची घरघर आणि तिच्याआड, बंद दारापलीकडून, सर अंगाई म्हणत असतात. शब्द कळत नाहीत, पण सूर कळतो. आता मलाही कळतो. शेवटच्या ओळीला ते हळूहळू वर चढतात, वरच्या सुराला हात लावतात, आणि नेमकी तिथे एक सत्तावीस वर्षांची मुलगी माइकच्या अगदी जवळून, खणखणीत आवाजात म्हणते, "काळजी करू नका काकू. एकेक सूर पोचतोय."